पन्नास दिवसांचा सण व घरची गृहिणी

सण कोणाचाहि असो, त्याचा आनंद सर्वांच्या वाट्यास येतो आणि त्याचे कष्ट बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्यास येतात. दिवाळीचा फराळ, गणपतीचे मोदक, ईदचा शिरखुर्मा, नाताळच्या करंज्या ह्यांच्या मागें जे हात राबतात, ते सणाच्या दिवशीं पंगतीच्या शेवटीं जेवतात. ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे कीं, तिच्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. प्रस्तुत लेखांत ह्याच गोष्टीचा थोडा विचार करावयाचा आहे. आणि त्यासाठीं उदाहरण घ्यावयाचें तें वसईकडील कॅथॉलिक घरांतील गृहिणीचें, तेंहि उपवासकाळ सरून पुनरुत्थानाचा सण उजाडतो त्या दिवसांतील. उदाहरण एका समाजाचें असलें तरी प्रश्न सर्वांचा आहे. आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. त्यांतील प्रत्येकास हें घर ओळखीचें वाटेल, अशी आमची खात्री आहे.

प्रथम ह्या काळाची ओळख करून देणें अवश्य आहे. राखेच्या बुधवारीं कपाळावर राख लावून उपवासकाळास आरंभ होतो. मधले रविवार वगळले म्हणजे तो चाळीस दिवसांचा भरतो. त्याच्या शेवटीं येतो तो पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजेच ईस्टर. इसवी सन ३२५ सालीं निकेया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें हा सण सर्व ख्रिस्ती लोकांनीं एकाच रविवारीं पाळावा असें ठरविलें. २१ मार्च रोजीं अथवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असा आपल्याकडे नियम आहे; म्हणून तो २२ मार्चच्या आधीं येत नाहीं व २५ एप्रिलच्या पुढें जात नाहीं. येथपर्यंतची माहिती पुष्कळांस असते. परंतु हा सण त्या एका रविवारीं संपत नाहीं, ही गोष्ट मात्र ख्रिस्ती घरांतूनहि विसरली जाते. ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंतचे, पन्नास दिवस मिळून पुनरुत्थानकाळ होतो. ईस्टरच्या आदल्या रात्रीं नव्या अग्नीवर पेटविलेली मोठी मेणबत्ती ह्या सर्व दिवसांत वेदीजवळ उभी असते. व्रतास चाळीस दिवस आणि आनंदास पन्नास! धर्मानेंच आनंदाच्या पारड्यांत दहा दिवस अधिक टाकले आहेत. आम्ही मात्र चाळीस दिवस बोटांवर मोजतों आणि पन्नास दिवसांचा आनंद एका दुपारच्या जेवणांत उरकून टाकतों. ह्या घाईचा सारा भार पडतो तो घरच्या चुलीवर.

उपवासकाळच पाहा. सध्यांच्या नियमांप्रमाणें सक्तीचे उपवास दोनच आहेत, एक राखेच्या बुधवारीं व दुसरा शुभ शुक्रवारीं. उपवासाचा नियम अठरा वर्षें पूर्ण झालेल्यांपासून साठावें वर्ष लागेपर्यंत लागू असतो, आणि मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षें पूर्ण झालेल्या सर्वांस लागू असतो. नियम सोपा आहे; परंतु तो स्वयंपाकघरांत शिरला म्हणजे त्याचें काय होतें? आजोबांचें वय झालेलें, त्यांस दोन्ही वेळां पथ्याचें जेवण हवें. वडील एकभुक्त. मोठ्या मुलास मांस चालत नाहीं आणि धाकट्यास भूक आवरत नाहीं. कित्येक घरांतून जुन्या वळणाप्रमाणें सारा उपवासकाळ मांसाहार बंद असतो. तेथें रोज नवें कालवण काढण्याची युक्ति तिलाच लढवावी लागते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण खाणाऱ्यास उद्देशून आहे. रांधणारीचे कष्टहि दुप्पट होतात, हें म्हण करणाराच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. आणि एवढें सारें करतांना ती स्वतःहि उपाशी असते.

पुढें येतो पवित्र सप्ताह. झावळ्यांच्या रविवारीं चर्चमधून आणलेली झावळी क्रुसामागें खोंवली कीं, घराच्या साफसफाईस आरंभ होतो. गुरुवारीं पाय धुण्याचा विधि, शुक्रवारीं प्रभूच्या दुःखसहनाची उपासना, शनिवारीं रात्रीं जागरण. पूर्वीं हा शनिवारचा विधि सकाळींच होत असे. पोप बारावे पायस ह्यांनीं १९५१ सालीं तो प्रयोगादाखल रात्रीं करण्याची मोकळीक दिली व १९५६ पासून तो सर्वत्र रात्रीं होऊं लागला. हा बदल योग्यच झाला. काळोखांत एका ज्योतीवरून शेंकडों मेणबत्त्या पेटतात, सारा उपवासकाळ मुका राहिलेला आलेलुयाचा घोष पुन्हां उठतो. तें दृश्य रात्रींच शोभतें. पण त्या रात्रीं हातांत मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीचें मन कोठें असतें? फुग्यांचें पीठ वर आलें असेल काय, मांसास लावून ठेवलेला मसाला मुरला असेल काय, सकाळीं पहिला पाहुणा किती वाजतां येईल! घरीं परतून पाठ टेकते न टेकते तोंच तिला चूल पेटवावी लागते. दुपारच्या पंगतीस सोरपोतेल हवें, इंद्याल हवें, फुगे हवेत, तांदळाची भाकरी हवी. आणि चाळीस दिवस थांबलेल्या जिभांना सारें एकाच वेळीं हवें. सायंकाळीं घर तृप्त होऊन विसांवतें आणि ती भांड्यांच्या ढिगापुढें उभी असते. 'झाला एकदांचा सण!' असा सुस्कारा तिच्या तोंडून निघतो. ज्या सणाचें सारें सार 'आतां कोठें आरंभ झाला' हें आहे, त्याविषयीं तिनें 'झाला एकदांचा' असें म्हणावें, ह्यांत दोष तिचा नव्हे.

बरें, दुसऱ्या दिवसापासून तरी तिला विसांवा मिळतो काय? युरोपांत ईस्टर वसंताच्या तोंडीं येतो. थंडी सरते व झाडांना पालवी फुटते. आमच्याकडे तो चैत्रपालवींत येतो आणि पाहतां पाहतां वैशाखाच्या वणव्यांत शिरतो. ईस्टरच्या तारखेप्रमाणें पेन्टेकॉस्टचा सण १० मे ते १३ जून ह्या अवधींत केव्हां तरी पडतो. म्हणजे पुनरुत्थानकाळ आणि पावसाळ्याच्या बेगमीचा काळ हे आमच्याकडे एकच होत. मिरच्या वाळवावयाच्या, पापड लाटावयाचे, कैऱ्यांचें लोणचें घालावयाचें, आमसुलें करावयाचीं, सुकट-बोंबील नीट वाळवून डब्यांत भरावयाचे, चिंच फोडून मीठ लावून ठेवावयाची. उपवासकाळांत लग्नें होत नाहींत, म्हणून तीं सारीं ईस्टरनंतर एकदम निघतात. मुलांस सुटी लागलेली असते, म्हणजे त्यांच्या भुकेसहि सुटी राहत नाहीं. मे महिना मरियामातेचा, तेव्हां सायंकाळच्या जपमाळेसहि वेळ काढावयाचा असतो.

ह्यांतील मसाल्याचेंच काम घ्या. मुंबई, साष्टी व वसई ह्या भागांतील ख्रिस्ती घरांतून वर्षाचा मसाला ह्याच दिवसांत करण्याची जुनी चाल आहे. निरनिराळ्या जातींच्या मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी, मिरीं, दालचिनी, लवंग, वेलदोडे, शिवाय गहूं व हरभऱ्याची डाळ, असे वीस-पंचवीस जिन्नस त्यांत पडतात. प्रत्येक जिन्नस निवडून उन्हांत तापवावयाचा, निराळा भाजावयाचा. एक जरी करपला तरी सारा मसाला कडवट होतो. मग कुटून, चाळून तो गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरावयाचा, म्हणजे उजेड लागून त्याचा रंग व वास जात नाहीं. ह्या बाटल्यांवर घराची वर्षभराची चव अवलंबून असते. ही विद्या पुस्तकांत नाहीं. ती सासूपासून सुनेकडे व आईपासून मुलीकडे हातानेंच येत गेली आहे. अशा विद्येस 'घरांतलें काम' एवढेंच नांव देऊन आपण मोकळे होतों!

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, आतां गॅस आला, मिक्सर आला, गिरणी आली. जुन्या बायकांच्या मानानें हल्लींच्या बायकांस काम तें काय उरलें? ह्या आक्षेपांत थोडें तथ्य आहे. परंतु यंत्रांनीं जो वेळ वांचविला, तो गृहिणीच्या पदरीं पडला असें नाहीं. आज वसईच्या अनेक स्त्रिया पहाटेचा स्वयंपाक उरकून विरारच्या गाडीनें मुंबईस नोकरीस जातात व सायंकाळीं परतल्यावर तीच चूल पुन्हां पेटवितात. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं लोकांच्या वेळेच्या विनियोगाची देशभर पाहणी केली. तींत असें आढळून आलें कीं, बिनपगारी घरकामांत भाग घेणारी स्त्री त्यास दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें देते व भाग घेणारा पुरुष ९७ मिनिटें देतो. शिवाय स्त्रियांपैकीं शंभरांत ८१ जणी रोज हें काम करतात. पुरुषांपैकीं शंभरांत अवघे २६. ह्या पाहणींत सहा वर्षांवरील सर्व मुलगे व मुली धरलेल्या आहेत, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पूर्वीं मसाला कुटावयाचा झाला म्हणजे चार शेजारणी जमत, उखळाभोंवतीं बोलणें चाले, जात्यावर ओव्या म्हटल्या जात. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं १६१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तपुराणासाठीं जो ओवीचा छंद निवडला, तो ज्ञानेश्वरीचा जसा आहे तसाच तो जात्यावरच्या बायकांचाहि आहे. आतां जातें गेलें, त्याबरोबर ओवीहि गेली व शेजारीणहि गेली. काम थोडें हलकें झालें खरें, पण तें एकटीचें झालें.

दुसरा आक्षेप अधिक गोड आहे, म्हणून अधिक फसवा आहे. 'ही तर तिची हौस आहे. तिच्या हातून काम काढून घ्याल तर तिलाच वाईट वाटेल,' असें पुष्कळ सज्जन म्हणतात. तिला हौस आहे, हें आम्हांस मान्य आहे. स्वतःच्या हातचें खाऊं घालून घर तृप्त झालेलें पाहण्यांत जो आनंद आहे, तो लहान नव्हे. परंतु हौस कोणती व ओझें कोणतें, हें ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. जें काम नकोसें झाल्यास खालीं ठेवतां येतें, ती हौस. जें खालीं ठेवण्याची सोयच नसते, तें ओझें. घरांतील गृहिणीस ईस्टरच्या दिवशीं 'आज मी बसतें, तुम्ही पाहा' असें म्हणतां येईल काय? तें म्हणतां येत असेल तर तिची हौस खरी. येत नसेल तर तिच्या हौसेचें नांव पुढें करून आपण आपला आळस झांकतों, एवढेंच.

आतां प्रत्यक्ष शुभवर्तमान ह्याविषयीं काय सांगतें तें पाहूं. पुनरुत्थानाची पहिली वार्ता कोणास मिळाली? पुरोहितांस नाहीं, अधिकाऱ्यांस नाहीं, शिष्यांतील प्रमुखांसहि नाहीं. शब्बाथ संपल्यावर सुगंधी द्रव्यें घेऊन पहाटे कबरेकडे निघालेल्या स्त्रियांस ती मिळाली. मृताच्या देहास द्रव्यें लावणें हें त्यांचें कर्तव्यच होतें. घरांतल्या कोणत्याहि कामासारखें तें काम होतें आणि तें नीट व्हावें ह्याच काळजींत त्या चालल्या होत्या. तेथें जाऊन पाहतात तों कबर रिकामी! त्यांस सांगण्यांत आलें तें हें कीं, जा आणि ही बातमी सांगा. त्या द्रव्यांचें पुढें काय झालें, तें शुभवर्तमानांत कोठेंहि सांगितलेलें नाहीं. तीं लावण्याची गरजच उरली नव्हती. इतक्या काळजीनें तयार केलेलें काम अपुरें राहिलें आणि त्याबद्दल त्यांस कोणी बोल लावला नाहीं. कारण त्या कामाहून मोठी वार्ता त्यांच्या हातीं आली होती. मसाल्याच्या बाटल्या भरणाऱ्या आमच्या माताभगिनींनीं ही गोष्ट मनांत धरावी असें आम्हांस वाटतें. आनंदाची वार्ता ऐकण्यासाठीं हातांतलें काम खालीं ठेवणें, हें पाप नव्हे. पहिल्या ईस्टरच्या पहाटे तेंच घडलें.

आणि दुसरी गोष्ट तर घरांतील पुरुषांनीं मनांत धरावयाची आहे. पुनरुत्थानानंतर शिष्य रात्रभर सरोवरावर मासे धरीत होते. हातीं कांहीं लागलें नाहीं. पहाटे प्रभु येशू कांठावर उभा राहिला, त्याच्या सांगण्यावरून त्यांनीं जाळें टाकलें व तें माशांनीं भरलें. शिष्य दमून भागून किनाऱ्यास लागतात तों काय दिसतें? कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी ठेवलेली आहे व जवळ भाकर आहे. मृत्यूवर जय मिळविलेल्या प्रभूनें थकलेल्या माणसांसाठीं न्याहारी तयार केली आणि त्यांस जेवावयास बोलाविलें! योहानाच्या शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे. वसईच्या किनाऱ्यावरील माणसांस तर तो डोळ्यांपुढें सहज उभा राहील. ज्या कामास आपण 'बायकांचें काम' म्हणतों, तें प्रत्यक्ष पुनरुत्थित प्रभूस कमीपणाचें वाटलें नाहीं. मग तें आठवी-नववींतल्या मुलास किंवा त्याच्या वडिलांस कां वाटावें? कोणी येथें मार्थेचें उदाहरण देतात कीं, ती रांधण्याच्या धांदलींत होती म्हणून प्रभूनें तिला बोल लावला. पण तिची तक्रार काय होती तें विसरूं नये. कामांत आपणांस एकटें सोडलें आहे, हीच ती तक्रार होती. रांधणें हलकें नव्हे. रांधणारीस घडीभर बसूं न देणारी धांदल वाईट.

धर्मसभेनेंहि ह्या दिशेनें कांहीं पावलें टाकलीं आहेत. पवित्र गुरुवारीं ज्यांचे पाय धुवावयाचे, त्यांत नियमाप्रमाणें केवळ पुरुषच असत. पोप फ्रान्सिस ह्यांच्या इच्छेनुसार जानेवारी २०१६ मध्यें निघालेल्या आदेशानें त्यांत स्त्रियांसहि स्थान मिळालें. त्याच वर्षीं जूनमध्यें मरिया माग्दालेना हिच्या २२ जुलैच्या स्मृतिदिनास प्रेषितांच्या सणांचा दर्जा देण्यांत आला. कारण पुनरुत्थानाची वार्ता प्रेषितांपर्यंत नेली ती तिनें. वेदीजवळ हें झालें. प्रश्न आहे तो वेदीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेचा. गुरुवारीं चर्चमध्यें आईचे पाय धुतले जावेत व रविवारीं घरीं तिच्या पायांस क्षणभर विसांवा मिळूं नये, हें विसंगत आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचें थोडकें सांगणें आहे. उपवासकाळांत तुम्ही मिठाई सोडतां, सिनेमा सोडतां, ती गोष्ट चांगलीच आहे. परंतु पुढील वर्षीं कांहीं सोडण्याऐवजीं कांहीं धरण्याचें व्रत घ्या. आपलें ताट आपण घासणें, पाणी भरणें, भाजी निवडणें, धाकट्या भावंडास न्याहारी देणें, ह्यांपैकीं एक काम चाळीस दिवस नेमानें करा. आणि ईस्टरच्या दिवशीं तें व्रत सोडूं नका, पुढले पन्नास दिवसहि तें चालवा. नव्वद दिवस केलेलें काम अंगवळणी पडतें व मग त्यास व्रत म्हणण्याचेंहि कारण राहत नाहीं. ही गोष्ट केवळ मुलींस उद्देशून नाहीं. मुलग्यांस ती आधीं लागू आहे. सुटींत मिरच्यांचीं देंठें काढावयास, वाळवण राखावयास, मसाला बाटल्यांत भरावयास आईजवळ बसा. तिच्याजवळ असलेली विद्या लिहून घ्या. किती मिरच्यांस किती धणे, कोणता जिन्नस किती भाजावयाचा, हें तिच्या बोटांस ठाऊक आहे, पण तें कागदावर कोठेंच नाहीं.

पालकांस आमची विनंती अशी कीं, पन्नास दिवसांचा सण पन्नास दिवस पुरवावा. ईस्टरपासून पेन्टेकॉस्टपर्यंत, दोन्ही धरून, आठ रविवार येतात. जे पदार्थ आपण एका दुपारीं एकाच पंगतीस मांडतों, ते आठ रविवारांत वांटून द्यावेत. जिभेचा आनंद लांबेल व चुलीचा भार हलका होईल. ईस्टरच्या सकाळची न्याहारी वडिलांनीं व मुलांनीं मिळून करावी. ती साधी असली तरी चालेल. सरोवराच्या कांठीं मासळी व भाकर एवढेंच होतें. आणि तिनें, जिनें चाळीस दिवस सर्वांचे उपवास सांभाळले, तिनें त्या सकाळीं प्रथम जेवावयास बसावें. प्रारंभीं तिला अवघडल्यासारखें होईल, ती दहा वेळां उठूं पाहील. तिला उठूं देऊं नये.

आईच्या त्यागावर आपण निबंध लिहितों, भाषणें करतों, तिला देवतेची उपमा देतों. देवता म्हटलें म्हणजे तिला भूक नाहीं, थकवा नाहीं, असें मानावयास आपण मोकळे होतों. तिला देवता म्हणण्यापेक्षां माणूस म्हणावें, थकणारें, भुकेजणारें, घडीभर विसांवा मागणारें माणूस, आणि त्याप्रमाणें वागावें, हें अधिक खरें होय. पुनरुत्थानाचा सण नव्या जीवनाचा आहे, असें आपण दर वर्षीं ऐकतों. तें नवें जीवन घरांत कोठें दिसावयाचें असेल, तर तें प्रथम चुलीपाशीं दिसावें. वेदीजवळची मेणबत्ती पन्नास दिवस तेवत राहते. तेवढे दिवस तरी आपल्या घरच्या गृहिणीस, आपला सण आतां कोठें सुरू झाला आहे, असें वाटावें.